समुद्रफेसाच्या रेघा

आमच्या घरात अंडं उकडलं की मी उठून गच्चीत जाते. सुनेला वाटतं, सासूबाईंचं जुनं सोवळं अजून गेलं नाही. तिला वाटू दे. मी स्वतःच्या हाताने नातवाला ऑम्लेट करून घालते, तेव्हा मला काही होत नाही. पण उकडलेलं अंडं सोलताना जो कोंदट वास सुटतो, तो नाकात गेला की माझ्या डोळ्यापुढे एक निळा पत्र्याचा डबा येतो. डब्यात कापसावर ठेवलेली सात काळी नाणी आणि तो डबा दोन्ही हातांत धरून माजघरातून ओटीवर चाललेली सतरा वर्षांची मी. त्या मुलीची मला किळस येते. वय झालं की माणूस स्वतःला माफ करायला शिकतं असं म्हणतात. मला ते जमलेलं नाही, आणि आता जमावं अशी इच्छाही नाही. निदान जे झालं ते धडपणे लिहून तरी ठेवावं, म्हणून हे प्रकरण.

आई मला आठवत नाही. बाबा बोटीवर होते, वर्षातून दोनेक महिने घरी यायचे. येताना साबणाच्या वड्या आणि परदेशी बिस्किटांचे डबे आणायचे आणि बाकीचे दहा महिने आम्ही त्या डब्यांत डाळी भरायचो. मला वाढवलं ते बाबांचे थोरले भाऊ, भाऊकाका आणि त्यांची विधवा बहीण, माझी आत्या, यांनी. घर रत्नागिरीतच, मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर. सकाळी आत्याच्या झांजेसारख्या खणखणीत आवाजातलं स्तोत्र, मग मऊ भात, मेतकूट आणि लोणच्याचा खार. दुपारी कुळथाचं पिठलं नाहीतर फणसाची भाजी. संध्याकाळी खालच्या बाजूने मासळीच्या लिलावाची ओरड आणि त्याबरोबर वारं फिरलं की वास. वास आला की आत्या खिडक्या लावून घ्यायची आणि धुपाटणं पेटवायची. आमच्या घरात वासाला फार महत्त्व होतं. कुठला वास कुठून आला, कोणी काय शिजवलं, कोण काय खाऊन आलं, हे आत्याला उंबऱ्यावरून कळायचं. ताक कळकलं, भांड्याला नीट कल्हई नाही, हे तर ती दुसऱ्याच्या घरातही सांगायची आणि लोकांची तोंडं वाकडी व्हायची.

भाऊकाका हायस्कुलात चित्रकला शिकवायचे. पण गावात त्यांचा मान होता तो नाण्यांसाठी. कोणाला परसात शिवराई सापडली, कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत पोर्तुगीज चांदी निघाली, की माणूस आमच्या ओटीवर हजर. काका चष्मा कपाळावर चढवायचे, भिंग काढायचे, आणि बराच वेळ काही बोलायचेच नाहीत. समोरचा माणूस तोवर घामाघूम. मला ते दहाव्या वर्षापासून शेजारी बसवायचे, कारण माझी नजर तीक्ष्ण होती आणि त्यांची उतरत चालली होती. नाण्यावर काय दिसतं ते मी सांगायचं, त्याचा अर्थ त्यांनी. त्यांची शिकवण्याची एक रीत होती. आधी कातडी बघायची, मग तोंड. राजाचा मुखवटा, अक्षरं, माळ, हे सगळं कोणीही नक्कल करतो, ते म्हणायचे. कातडीची नक्कल करता येत नाही. चांदी जमिनीत शेकडो वर्षं पडली की तिच्यावर काळपणा चढतो. तो सगळीकडे सारखा नसतो. राजाचं नाक, गाल, कानाची पाळी, असे वर आलेले भाग करडे राहतात. अक्षरांच्या बुडाशी, केसांच्या बटांत, कडेला तो दाट होतो, आणि नाणं तिरकं धरलं तर मधेच बांगडीच्या काचेसारखी निळसर झाक दिसते. ओल्या अंगठ्याने चोळलं तरी अंगठा काळा होत नाही. अक्षराच्या खाचेतली माती नखाने निघत नाही. ज्या नाण्याची कातडी शाबूत, त्याची साक्ष शाबूत. आणि म्हणून नाणं कधी घासायचं नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी मला निदान शंभर वेळा ऐकवलं असेल. घरातल्या दुसऱ्या माणसाला मात्र त्यांनी ते एकदाही सांगितलं नाही, कारण बायकांना यातलं काय कळतंय. मी त्यांच्या हिशेबी बाई नव्हते, डोळे होते.

काकांचं एक वेड होतं. रोमची जहाजं आपल्या किनाऱ्याला, आपल्या रत्नागिरीला लागत होती, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. सुट्टीत ते अंजनवेलपर्यंत किनारे तुडवत जायचे आणि खापरं वेचून आणायचे. पुण्यामुंबईच्या अभ्यासकांना लांबलचक पत्रं लिहायचे. उत्तरं यायची ती दोन ओळींची, गोड आणि पोकळ. पुरावा असेल तर कळवा. पत्र आलं की काका त्या दिवशी जेवताना बोलत नसत, आणि आत्या त्यांच्या पानात तूप जास्त वाढायची.

शेवंतीबाई आल्या त्या भाद्रपदात, गौरी-गणपती नुकतेच गेले होते. देवरूखच्या पलीकडच्या एका डोंगरातल्या वाडीतून, पहिल्या एसटीने. तिशीच्या आत असतील. नवरा मुंबईला गिरणीत, पदरात चार वर्षांचा मुलगा. त्यांनी ओटीच्या पायरीवर बसून कनवटीची पुरचुंडी सोडली आणि सात नाणी जमिनीवर मांडली. काकांचा हात भिंगाकडे गेला आणि मधेच थांबला. तसा थांबलेला मी कधी पाहिला नव्हता. कलमासाठी खड्डा खणताना बाईंच्या पहारीला गाडगं लागलं होतं, त्यात ही नाणी. त्यांना वाटलं देवाने दिलं. पण त्या पूर्वी देवरूखात एका मोठ्या घरी भांडी घासायला जात, आणि दिराला त्यांचा जमिनीतला हिस्सा हवा होता. त्याने वाडीत उठवलं की ही चांदी त्या घरची, हिने चोरून आणून पुरलेली. गावकीची बैठक बसली. शेवटी ठरलं की रत्नागिरीच्या मास्तरांना नाण्यातलं कळतं, त्यांच्याकडून लिहून आण. त्यांना ना विकायची होती ना ठेवायची. गावकी सांगेल तर देवाला वाहायची, सरकार मागेल तर सरकारला द्यायची त्यांची तयारी होती.

"मास्तरानू, ही जमिनीतली हायत येवडंच लिवून द्या," त्या म्हणाल्या. "माज्या पोराला चोराचा पोर म्हनतात."

मी नाणी पाहिली. आजवरच्या माझ्या आयुष्यात मी त्याहून सुंदर काही हातात घेतलेलं नाही. पाच नाण्यांवर एका बाजूला पानांचा मुकुट घातलेलं डोकं, रोमच्या पहिल्या बादशहाचं, आणि मागे दोन मुलगे, ढाली टेकवून उभे, त्याचे नातू. उरलेल्या दोनांवर त्याच्या वारसाचं डोकं आणि मागे खुर्चीवर बसलेली बाई, हातात लांब काठी. आम्ही त्यांना लगेच ढालवाली आणि खुर्चीवाली अशी नावं पाडली. एका ढालवाल्यावर बादशहाच्या गालावर छिन्नीचा आडवा घाव होता. आपल्याकडच्या कुठल्यातरी जुन्या सराफाने आतली चांदी तपासायला तो घातला असणार. काकांनी मला विचारलं, घाव जुना की नवा. मी भिंग लावलं. घावाच्या आतही तोच दाट काळपणा होता, तीच निळी झाक, तीच तांबडी माती. मी म्हटलं, जुना, नाणं पुरलं त्याच्या आधीचा. काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. शेवंतीबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना शब्द कळले नसतील, पण त्यांच्या बाजूचं काहीतरी मी बोलले हे त्यांना कळलं. पुढे जे झालं त्याचं मूळ या एका नजरेत आहे, असं मला आता वाटतं.

काकांनी नाणी तपासणीसाठी पंधरा दिवस ठेवून घेतली. बाईंनी आत्याने दिलेला चहा घेतला, कप स्वतः विसळून पालथा ठेवला आणि त्या गेल्या.

त्यानंतर काकांनी मला भाट्याच्या किनाऱ्यावर समुद्रफेस गोळा करायला पाठवलं. माकूल नावाचा जो मऊ मासा असतो त्याच्या पाठीतलं हे पांढरं, हलकं हाड, लाटांबरोबर किनाऱ्याला येतं. लोक ते पोपटाच्या पिंजऱ्यात चोच घासायला लावतात. सोनार त्याचा साचा करतात, हे मला तेव्हा कळलं. मऊ हाडात वस्तू दाबायची, ठसा उमटतो, त्यात चांदी ओतायची. काका म्हणाले, अशी नाणी पुन्हा हाताला लागायची नाहीत, शाळेतल्या मुलांना हाताळायला नकला करून ठेवू. मला आनंद झाला. मी पिशवीभर समुद्रफेस आणला. त्याच सुमाराला काकांचं मुंजीतलं चांदीचं फुलपात्र नाहीसं झालं आणि आत्या आठवडाभर ते शोधत होती, मोलकरणीवर संशय घेऊन झाला. तेव्हाही काका गप्प होते. कुणा बाईवर चोरीचा आळ येत असताना गप्प बसायचा त्यांचा सराव तिथूनच सुरू झाला म्हणायचा.

साच्यातून नकला निघाल्या त्या पांढऱ्याफेक. मग काकांनी मला अंडी आणायला सांगितलं. आमच्या घरात अंडं. मी सहा अंडी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर भाजी टाकून आणली. लाकडाच्या खोपीत स्टोव्ह पेटवून ती कडक उकडली, कवचासकट कुस्करली आणि काचेच्या बरणीत भरली. वर जाळीच्या तुकड्यावर नाणी मांडून झाकण घट्ट लावलं. तासाभरात चांदी गवतासारखी पिवळी झाली, मग तांबूस, मग जांभळी, मग निळी. मी बरणीसमोर मांडी घालून बसले होते. मला ते रंग फार आवडले. हे लिहिताना माझी मलाच शिसारी येते, पण आवडले हे खरं आहे. तिसऱ्या दिवशी नाणी काळी झाली होती आणि अंडी अशी सडली होती की झाकण उघडल्यावर मी खोपीच्या मागे जाऊन ओकले. काकांनी नाकाला पंचा लावून नाणी काढली, वर आलेल्या भागांवरून बोटाने हलकेच काळपणा उतरवला, खाचांत डिंकात कालवलेली तांबडी माती भरली. चित्रकलेचे मास्तर. हात सुरेख होता. मी विचारलं, मुलांना दाखवायला इतकं कशाला? ते म्हणाले, काम करायचं तर पुरतं करावं. आत्या दोन दिवस घरभर मेलेला उंदीर शोधत होती.

पंधराव्या दिवशी शेवंतीबाई आल्या. काका ओटीवर बसून त्यांना रोमची हकिगत सांगत होते, जहाजं, मिरी, बादशहा. पत्र त्यांनी लिहून ठेवलंच होतं, सुवाच्य, शाळेच्या शाईत, की सात नाणी मी तपासली, ती प्राचीन असून दीर्घकाळ भूमीत होती. त्यांनी मला हाक मारून कपाटातला निळा डबा आणायला सांगितलं. मी डबा घेतला आणि सवयीने झाकण उघडून पाहिलं. आधी वास आला. मग खिडकीशी नेऊन मी घाववालं नाणं तिरकं धरलं. घावाच्या कडा बोथट होत्या. आणि बादशहाच्या मानेमागे, जिथे जागा मोकळी होती तिथे, काळपणाच्या खाली बारीक रेघा होत्या, एकीला लागून एक, ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा. समुद्रफेस फोडला की त्याच्या आत हुबेहूब अशाच रेघा असतात. पिशवीभर मीच वेचून आणला होता.

मी ओटीच्या दारापर्यंत गेले आणि काकांना आत बोलावलं. म्हटलं, काका, ही शाळेची आहेत. मला अजून वाटत होतं की त्यांची चूक झालीय, डबे बदलले असतील. काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखादं मूल सोपं गणित चुकलं की ते जसे बघत तसं.

"तीच आण," ते म्हणाले, आणि ओटीवर जाऊन बसले.

मी ओरडायला हवं होतं. डबा उंबऱ्यावर आपटायला हवा होता. मी काय केलं? मी ज्यांच्या घरी जेवते, ज्यांनी मला अक्षर शिकवलं, बाबा नसताना ज्यांनी माझ्या तापात रात्र रात्र पट्ट्या ठेवल्या, त्या माणसाचं तोंड काळं होईल, हा विचार केला. विचार केला म्हणणंही खोटं आहे. मी घाबरले आणि डबा नेऊन ठेवला. शेवंतीबाईंनी नाणी पदरात घेतली, एकेक उलटून पाहिलं. त्यांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. काका त्यांना पत्र वाचून दाखवत होते, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"हीच ना गो बाय माजी?"

"हीच," मी म्हणाले.

त्यांची आठी लगेच गेली. जाताना त्यांनी मला पानात बांधून आणलेल्या चार काकड्या दिल्या. आत्याने रात्री त्यांची कोशिंबीर केली आणि काकांनी ती दोनदा मागून घेतली.

काकांचा बेत काय होता तो मला पुढच्या आठवड्यात कळला. पुण्याहून एक अभ्यासक येणार होते. काका त्यांना सांगणार होते की ही सात नाणी आपल्याला भाट्याच्या किनाऱ्यावर, आपल्या हाताने सापडली. त्यांनी ती विकण्यासाठी लांबवली असती तर मला कदाचित इतकी घाण वाटली नसती. गरजू चोर मी नंतर पुष्कळ पाहिले. पण यांना फक्त नाव हवं होतं. खरं तर शेवंतीबाईंच्या खड्ड्यासकट सगळं सरळ लिहून दिलं असतं तरी नाव यांचंच झालं असतं, आणि त्या बाईचंही राहिलं असतं. पण डोंगरातल्या एका भांडी घासणाऱ्या बाईच्या पहारीला जे लागलं, ते आपल्याला तीस वर्षांत लागलं नाही, हे काकांना सोसवलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी माणूस इतकं करतो, हे कळल्यावर माझी विद्वान म्हणवणाऱ्या माणसांवरची श्रद्धा जी उडाली ती कायमची.

पाहुणे यायचे ते घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडे देवाची उपकरणी घासायची असत. आत्याने सकाळपासून मागच्या पडवीत मांड ठोकली होती. आमसुलं भिजवलेलं लाल पाणी, चुलीतली चाळलेली राख, नारळाची शेंडी. ताम्हन, पळी, निरांजनं, चांदीचे टाक, सगळं खसाखसा घासून पाटावर ओळीने लावत होती. घर आंबट वासाने भरलं होतं. काका पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेले होते. आत्या त्यांच्या टेबलावरची धूळ पुसायला गेली आणि तिला खणात मखमलीवर ठेवलेली सात नाणी दिसली. भाऊ ज्यासाठी इतके दिवस झुरतोय ती ही नाणी, हे तिला ठाऊक होतं. पुण्याचे पाहुणे येणार, आणि ही अशी कळकट. लोक म्हणतील, घरात बाईमाणूस आहे की नाही. तिने ती उचलून पडवीत नेली.

मी विहिरीवरून आले तेव्हा ती शेवटचं नाणं धूत होती. सहा पाटावर वाळत होती, देवाच्या टाकांच्या शेजारी, त्यांच्यासारखीच पांढरी. बादशहाच्या गालावरचा घाव नव्या पत्र्यासारखा चमकत होता. आत्याचे हात आमसुलाने लाल झाले होते आणि चेहरा कष्टाने फुललेला. ती म्हणाली, बघ कुंदे, आत किती छान होती, नुसती मळली होती. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मला हसू आलं. मी हसले, मोठ्याने, आणि हसता हसता पडवीच्या कडेला जाऊन पुन्हा ओकले. आत्याला वाटलं, माझं पित्त खवळलं.

पाहुण्यांनी नाणी तळहातावर घेतली. सभ्य गृहस्थ होते. भिंग काढलंच नाही. म्हणाले, "मास्तर, यांचं वय सांगणारं जे होतं ते सगळं पुसून टाकलंय. ही जुनी आहेत असं मी लिहून देऊ शकत नाही. कोणी विचारलं तर नवीच म्हणावी लागतील." काकांनी एक नाणं नाकाशी नेलं. कोणी घासली हे त्यांना विचारायचीही गरज पडली नाही, आमसुलाचा वास नाण्यांना होता. हपापाचा माल गपापा, अशी आपल्याकडे म्हण आहे. पण जो माल गेला तो काकांचा नव्हताच, त्यामुळे ती म्हण आठवूनही मला कधी समाधान झालं नाही. आत्याने पाहुण्यांना घावनं आणि नारळाचं दूध वाढलं. ते आवडीने जेवले.

शेवंतीबाई पुन्हा आल्या दसऱ्यानंतर. वाडीत पत्र वाचून दाखवलं गेलं होतं, गावकीने मान डोलावली होती. दसऱ्याला नाणी ग्रामदेवतेच्या पायाशी ठेवायची ठरली. देवापुढे काळी चांदी कशी ठेवायची, म्हणून बाईंनी सगळ्यांच्या देखत ती आमसुलाने घासली. आमच्या आत्याने घासली तशीच, तेवढ्याच भक्तीने. काळपणा एका हातात निघाला. खाचांतली माती डिंकासकट विरघळली. खालून कोरी चांदी आली. दीर ती घेऊन देवरूखच्या सोनाराकडे गेला, सोनार म्हणाला ओतीव आहेत, दोन महिन्यांपलीकडची नाहीत. मग काय, सगळं सिद्धच झालं. चोरलेल्या चांदीची हिने नाणी ओतवून घेतली आणि काळी करून मास्तरांनाही फसवलं.

त्या हे सगळं पायरीवर बसून, एकाच सुरात सांगत होत्या. काकांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मी जी पाहिली ती प्राचीन होती, घरी नेल्यावर तुम्ही काय केलंत ते मला कसं कळणार. त्यांच्या मागच्या खणात, चार हातांवर, ती सात नाणी पडलेली होती.

"मास्तरांचं ऱ्हाऊ दे," शेवंतीबाई म्हणाल्या. "मी हिला इचारलेलं."

मी उठून आत गेले. स्वयंपाकघरात आत्या खोबरं खोवत होती, मी तिच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळाने बाहेरची पायरी रिकामी झाली.

पुढच्या शिमग्यात वाडीची पालखी घरोघर गेली आणि शेवंतीबाईंच्या दारावरून तशीच पुढे नेली, हे मला कॉलेजातल्या त्या बाजूच्या एका मुलीने सांगितलं. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांना यात काय वाटणार. आमच्या कोकणात मुंबईहून माणसं नोकरी सोडून येतात ती या एका दिवसासाठी. बाई अंगण सारवून, ओटी भरायचं सामान सुपात घेऊन उभी राहते, आणि देव तिच्या दारातून निघून जातो. ही गोष्ट ऐकून मी काय केलं? परीक्षेचा अभ्यास केला. पुढे लग्न, नोकरी, मुलं. काका म्हातारे होऊन गेले, शेवटपर्यंत मानाने. त्यांच्या शोकसभेत मी त्यांच्या व्यासंगाबद्दल बोलले, आणि टाळ्या नसतात म्हणून, नाहीतर पडल्या असत्या. नाणी माझ्याकडे आली. मी ती कागदात गुंडाळून कपाटात टाकली आणि वर्षानुवर्षं त्या खणाला हात लावला नाही.

गेल्या वर्षी घर बदलताना पुडी निघाली. उघडली तर नाणी पांढरी नव्हती. करडी झाली होती, कडेकडेने काळी, आणि तिरकी धरल्यावर अक्षरांच्या मधे निळं काहीतरी लुकलुकलं. पन्नासएक वर्षांत जेवढं धरायचं तेवढं धरलं होतं, आपण होऊन. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, एवढी वर्षं ही पुडी मी दाबून ठेवली, ती या गोष्टीची मोजदाद म्हणून समोर आलीय. दुसऱ्या दिवशी गाडी करून मी देवरूखला आणि तिथून वाडीवर गेले. आधी पत्ता काढला होता, त्या आहेत हे कळलं होतं. नसत्या तर सुटले असते, हा विचारही मनात येऊन गेला. खोटं कशाला लिहू.

शेवंतीबाई खळ्यात खाटेवर बसल्या होत्या. डोळ्यांना कमी दिसतं, कान शाबूत. मुलगा मुंबईत निवृत्तीला आलेला, सून वाडीत. पालखी आता दारात थांबते. दीर मेल्यावर थांबायला लागली, कारण कोणाला आठवत नाही. मी कोण ते सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. मग मी सगळं सांगितलं. समुद्रफेस, फुलपात्र, अंडी मी आणली हे, बरणी मी भरली हे, डबा मी उघडून पाहिला होता हे. सून दारात उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, तुमच्या गावकीपुढे सांगते, लिहून देते, नाणी सरकारात जमा करून तुमच्या नावाची पावती आणून देते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी फार बोलतेय, अगदी काका बोलायचे तशी, आणि मी थांबले.

मी सातही नाणी त्यांच्या पदरात ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली, उचलून नाकाशी नेली, पुन्हा पदरात ठेवली. घाववालं नाणं त्यांच्या अंगठ्याखाली बराच वेळ होतं. मग त्यांनी माझ्या दिशेने चेहरा केला.

"हीच ना गो बाय माजी?"

"हीच," मी म्हणाले.

सुनेला त्यांनी मला चहा द्यायला सांगितलं.

"तेवा पन तू आसंच बोललीस," त्या म्हणाल्या.